ओडेशाच्या पायऱ्या आणि प्रेक्षकाचा वाटा



आजचा विषय रशियन चित्रपटाचा आहे. त्यातही 1919 ते 1930 या दहा-बारा वर्षांचा, आणि जेमतेम अर्धा डझन माणसांचा. पुस्तकांत ही नावं इतक्या भारदस्तपणे येतात की सगळे पन्नाशी उलटलेले आचार्य असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात 1919 साली लेव्ह कुलेशोव्ह वीस वर्षांचा होता. सर्गेई आयझेन्स्टाइन एकवीस वर्षांचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट टाकून लाल सैन्यात गेलेला. झिगा व्हेर्तोव्ह तेवीस. पुदोव्हकिन त्यांच्यातला थोरला, तो सव्वीस, आणि शिकला होता रसायनशास्त्र. आपल्याकडे या वयाच्या मुलाला लग्नाचा अल्बमसुद्धा एकट्याला करायला देत नाहीत. या पोरांच्या हाती एका नव्या राजवटीने एक अख्खी कला देऊन टाकली.

देऊन टाकली म्हणजे काय दिलं? 1919 च्या ऑगस्टमध्ये लेनिनने फर्मान काढून चित्रपट धंदा सरकारजमा केला. पण सरकारात जमा झालं ते काय? रिकामे स्टुडिओ. बडे निर्माते कॅमेरे, नटनट्या आणि फिल्मचे डबे घेऊन दक्षिणेला क्रायमियात आणि तिथून परदेशी पसार झालेले. कच्ची फिल्म बाहेरून यायची, ती यादवी युद्ध आणि नाकेबंदी यांत अडकलेली. थोडक्यात, चित्रपट ताब्यात आला आणि फिल्मच नव्हती.

याच वर्षी मॉस्कोत चित्रपटाची शाळा निघाली, जगातली पहिली. कुलेशोव्ह तिथे शिकवायचा. फिल्म नसताना चित्रपट कसा शिकवणार? तो विद्यार्थ्यांकडून फिल्मशिवायचे चित्रपट बसवून घ्यायचा. स्टेजवर छोटे छोटे प्रसंग, जणू एकेक शॉट, पटापट एकामागून एक. आणि दुसरा उद्योग म्हणजे जुनी रिळं. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथचा ‘इन्टॉलरन्स’ 1919 मध्ये मॉस्कोत लागला, त्याच्यावर तर ही मंडळी तुटून पडली. कापायचं, उलटसुलट जोडायचं, पुन्हा पाहायचं. नवं चित्रीकरण करता येत नाही म्हटल्यावर जे आहे त्याची जोडणी बदलून काय काय होतं, हे त्यांनी खोदून पाहिलं. मोंताज नावाची कला ही टंचाईच्या पोटी जन्माला आली, असं मी म्हणतो. भरपूर फिल्म असती तर कदाचित ते नुसतेच चित्रपट काढत बसले असते.

कुलेशोव्हचा एक प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. मोझुखिन हा झारच्या काळातला लोकप्रिय नट. त्याच्या जुन्या चित्रपटातला एक शॉट घेतला. चेहरा जवळून, शांत, काहीही न दाखवणारा. त्या चेहऱ्यापुढे एकदा सूपची बशी जोडली. एकदा शवपेटीतली बाई जोडली. एकदा खेळणारी लहान मुलगी जोडली. प्रेक्षक म्हणाले, वा, काय अभिनय! बशीकडे पाहताना भूक, पेटीकडे पाहताना दुःख, मुलीकडे पाहताना माया. शॉट तिन्ही वेळा तोच. हा प्रयोग आज उपलब्ध नाही, आणि कुलेशोव्ह व पुदोव्हकिन यांच्या सांगण्यातले तपशीलही एकमेकांशी जुळत नाहीत. तरी मुद्दा पक्का आहे.

मग मला सांगा, ते दुःख होतं कुठे? चेहऱ्यात नव्हतं, तो कोरा होता. शवपेटीला तर दुःख होत नाही. ते दुःख आलं पाहणाऱ्याकडून. दोन तुकड्यांच्या मध्ये जो जोड आहे तिथे पडद्यावर काहीच नसतं, आणि नेमकं तिथेच प्रेक्षक आपलं काहीतरी आणून ठेवतो. आज मला एवढंच सांगायचं आहे: मोंताज म्हणजे प्रेक्षकाकडून अर्धं काम करवून घेण्याची कला. आपण स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस जितका विश्वास ठेवतो, तितका दुसऱ्याने सांगितलेल्यावर ठेवत नाही. या कलेचं सामर्थ्य त्यात आहे, आणि धोकाही त्यातच आहे.

नव्याने ओळख होणाऱ्यांचा एक गैरसमज असतो की मोंताज म्हणजे भराभर कापाकापी. हिंदी चित्रपटात एका गाण्यात नायक हमालाचा शेठ होतो, तेवढंच मोंताज. त्यात काळ पुढे सरकतो, पण विचार काही घडत नाही. रशियनांना विचार घडवायचा होता. तो कसा घडवायचा यावर त्यांच्यात कडाक्याचं भांडण होतं.

पुदोव्हकिन म्हणायचा, शॉट एकावर एक रचत जा, विटांसारखे, आणि भावना बांधत ने. त्याच्या ‘मदर’मध्ये, 1926 सालच्या, तुरुंगातल्या मुलाला चोरून चिठ्ठी मिळते की उद्या तुझी सुटका आहे. आता नटाला हसायला लावणं सोपं होतं. पुदोव्हकिनने दाखवले त्याचे हात, ओठांचा कोपरा, आणि त्यांत मिसळला वसंतातला फुगलेला ओढा, पाण्यावरचं ऊन, हसणारं मूल. आनंद एकाही शॉटमध्ये पुरता नाही, पण आपल्यापर्यंत तो पोचतो. आयझेन्स्टाइनला हे फार सौम्य वाटायचं. त्याचं म्हणणं, दोन शॉट एकमेकांवर आदळले पाहिजेत, त्या टकरीतून तिसरीच गोष्ट निघाली पाहिजे. ‘स्ट्राइक’ या त्याच्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटी कामगारांची कत्तल आणि कत्तलखान्यात बैल कापला जाणं त्याने आलटून पालटून दाखवलं. पण गंमत पाहा. 1925 मध्ये त्यानेच लिहून ठेवलं की ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने जनावर कापलंय, त्याच्यावर या दृश्याचा तो परिणाम होणार नाही. म्हणजे पडद्यावर काय आहे हे पुरेसं नाही. समोर कोण बसलंय आणि तो घरून काय घेऊन आलाय, यावर जोडाचा अर्थ ठरतो. हे कळलेला दिग्दर्शक सत्तावीस वर्षांचा होता.

आता ‘बॅटलशिप पोटेम्किन’. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

1905 साली रशियात फसलेली एक क्रांती झाली. 1925 मध्ये तिला वीस वर्षं होणार म्हणून सरकारने चित्रपट मागवला. नीना अगाजानोव्हा हिने लिहिलेल्या विस्तीर्ण पटकथेत पोटेम्किन या युद्धनौकेवरचं बंड हा लहानसा भाग होता. आयझेन्स्टाइन ओडेशाला गेला, त्याने तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्या पाहिल्या आणि बाकी सगळं बाजूला पडलं. 1905 च्या जूनमध्ये त्या जहाजावर अळ्या पडलेलं मांस खलाशांच्या पुढे आलं आणि बंड पेटलं. मुंबईकरांना इथे 1946 चा फेब्रुवारी आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘तलवार’ या नौदल केंद्रावरच्या नाविकांच्या बंडालाही ठिणगी निकृष्ट जेवणाचीच होती. असो.

त्या चित्रपटातली एक छोटी जागा सांगतो, जी पायऱ्यांच्या दबदब्यात मागे पडते. एक तरुण खलाशी अधिकाऱ्यांच्या बशा धुतोय. एका बशीवर प्रार्थनेतले शब्द कोरले आहेत, आजची भाकर आम्हाला दे, अशा अर्थाचे. तो वाचतो. पुन्हा वाचतो. आणि बशी आपटून फोडतो. हे फोडणं प्रत्यक्षात एका सेकंदाचं काम. आयझेन्स्टाइनने ते वेगवेगळ्या बाजूंनी घेतलं आणि तुकडे असे जोडले की एक शॉट जिथे संपतो त्याच्या थोडा मागून दुसरा सुरू होतो. हात दोनदा उगारला जातो. तर्काने पाहिलं तर चूक आहे. पण पाहताना कुणालाही चूक वाटत नाही, कारण साठलेला संताप एका झटक्यात मावत नाही, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं.

पायऱ्यांवर सैनिक जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडत उतरतात, तिथेही तेच, फार मोठ्या प्रमाणावर. ओडेशाच्या त्या जिन्याला 192 पायऱ्या आहेत. सैनिक कवायतीने उतरले तर खाली पोचायला कितीसा वेळ लागेल? पडद्यावर ते किती तरी मिनिटं उतरतच राहतात. जिना संपत नाही. तुम्ही नीट पाहा: बुटांची रांग, बंदुका, सावल्या, आणि सैनिकांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. चेहरे सगळे लोकांचे. पाय नसलेला एक माणूस हातांवर उड्या मारत निसटतोय. सगळी गर्दी खाली धावते आणि एक आई तुडवल्या गेलेल्या मुलाला हातांवर घेऊन वर चालते, बंदुकांच्या दिशेने, एकटी. इतका वेळ उजवीकडे-डावीकडे, खाली खाली चाललेली हालचाल एकदम उलटी होते. काहीही न बोलता त्या उलट्या दिशेतच आर्जव आहे.

आणि मग ती बाबागाडी. जगभर हजारदा नक्कल झालेली. मला मात्र त्यातला दुसरा तपशील महत्त्वाचा वाटतो. गोळी लागलेली तरुण आई गाडीच्या पुढे उभी आहे. तिच्या कमरेच्या पट्ट्याला बक्कल आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून त्या बक्कलकडे येतो, त्यावर हातमोजे घातलेले तिचे हात, आणि त्या हातांवर रक्त. जखम दाखवलेली नाही. ती हळूहळू खाली बसते आणि बसताना तिच्याच पाठीचा धक्का गाडीला लागतो. सैनिकांनी गाडी ढकलली नाही. मूल वाचावं म्हणून आडवी उभी राहिलेली आईच मरताना त्याला उतारावर लोटते. हे मला दर वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखं अंगावर येतं.

शेवटी जहाजाच्या तोफा उत्तर देतात आणि तीन दगडी सिंह दिसतात: झोपलेला, जागा झालेला, उठलेला. क्रायमियात अलुप्का इथल्या राजवाड्यातले तीन वेगवेगळे पुतळे. एकापाठोपाठ जोडले आणि दगड उठून उभा राहिला.

21 डिसेंबर 1925 ला मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात पहिला खेळ झाला तेव्हा शेवटचं रीळ अजून जोडलं जात होतं. आयझेन्स्टाइनने स्वतः सांगून ठेवलंय की शेवटचे जोड फिल्म जोडायचं सिमेंट लावायला वेळ नसल्याने नुसत्या थुंकीने चिकटवले होते, आणि ते प्रोजेक्टरमधून सुखरूप पार पडले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या संकलनाची ही अवस्था! जाता जाता एक नोंद. त्याच 1925 साली आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला होता, सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याची कथा. तो आज पाहायला मिळत नाही. पोटेम्किन मिळतो. जपणुकीचा हा फरक आहे.

आता मी दुसऱ्या बाजूला वळतो, आणि इथे काही जणांना माझं म्हणणं आवडणार नाही.

ओडेशाच्या पायऱ्यांवर अशी कत्तल झाली होती का? त्या जून महिन्यात ओडेशात गोळीबार झाले, माणसं मेली, हे खरं. पण या पायऱ्यांवर, या रीतीने, हे आयझेन्स्टाइनने रचलेलं आहे. आज मात्र जगाला 1905 म्हटलं की पायऱ्याच आठवतात. जहाजावर गोळ्या घालण्याआधी खलाशांवर ताडपत्री टाकतात, ते दृश्यही त्याच्याच डोक्यातून निघालेलं. त्यावरचा किस्सा त्याने मोठ्या चवीने सांगितला आहे. चित्रपट गाजल्यावर एक गृहस्थ पुढे आले आणि मानधनात वाटा मागू लागले. का? तर म्हणे, त्या ताडपत्रीखाली मी होतो. ताडपत्रीखाली कधी कुणी नव्हतंच! पण त्या माणसाला आता तसं आठवत होतं.

हसलात, ठीक आहे. पण यात हसण्यासारखं किती आहे? 1927 मध्ये आयझेन्स्टाइनने 1917 च्या क्रांतीवरचा ‘ऑक्टोबर’ चित्रित केला. त्यात हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला प्रत्यक्ष घटनेपेक्षा कितीतरी भव्य आहे, आणि त्यातली चित्रं पुढे खऱ्या घटनेची छायाचित्रं म्हणून पुस्तकांत छापली जाऊ लागली. दुसरीकडे त्याच चित्रपटातून क्रांतीचा एक नेता ट्रॉट्स्की याची दृश्यं कापावी लागली, कारण तोवर तो सत्तेच्या वर्तुळातून बाहेर फेकला गेला होता. जोडणारी कात्री आणि पुसणारी कात्री एकच.

1933 साली जर्मनीच्या प्रचारखात्याचा नवा मंत्री गोबेल्स आपल्या चित्रपटवाल्यांसमोर भाषण करताना पोटेम्किनची स्तुती करतो. ज्याची मतं पक्की नाहीत असा माणूस हा चित्रपट पाहून बोल्शेविक होईल, अशा आशयाचं तो बोलला. त्याला असंच काहीतरी स्वतःसाठी हवं होतं. आयझेन्स्टाइनने त्याला जाहीर पत्र लिहून झणझणीत उत्तर दिलं. उत्तर योग्यच होतं. तरीही, हे तंत्र विचारसरणी पाहून काम करत नाही, हे गोबेल्सने बरोबर ओळखलं होतं.

गंमत म्हणजे खुद्द रशियातला कामगार काय पाहत होता? डग्लस फेअरबँक्स! 1926 मध्ये तो आणि मेरी पिकफर्ड मॉस्कोला गेले तेव्हा लोटलेली गर्दी इतकी होती की त्या भेटीच्या चित्रणाभोवती पुढे एक अख्खा विनोदी चित्रपट रचला गेला. ज्यांच्यासाठी क्रांतीचा चित्रपट होता, ते अमेरिकन तलवारबाजीला रांगा लावत होते. टीकाकारांनी हे फार मनाला लावून घेऊ नये. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा अर्धं काम करायला सांगायचं म्हणजे जरा जास्तच.

मग या धोक्याला उत्तर काय? माझ्या मते ते उत्तर त्याच काळात दोन बायकांच्या टेबलावर होतं, आणि आपण पुरुषांची नावं घेत बसतो.

पहिली येलिझावेता स्विलोव्हा. व्हेर्तोव्हची पत्नी आणि त्याची संकलक. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’, 1929. त्यात शहर धावतंय, ट्राम, यंत्रं, घोडागाडी, आणि एकाएकी सगळं थांबतं. घोडा हवेत थिजतो. मग लहान मुलांचे चेहरे, स्थिर. मग आपल्याला फिल्मची पट्टी दिसते, त्याच मुलांची, चौकटी चौकटींची. मग स्विलोव्हा दिसते: कपाटात गुंडाळून ठेवलेले तुकडे, त्यांवर चिठ्ठ्या, हातात कात्री. ती जोडते आणि ती मुलं हसायला लागतात. जादूगाराने पोतडी उघडून दाखवावी, तसं. हे कसं केलंय ते पाहा, आणि मग विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा, असं सांगणारा दुसरा चित्रपट त्या काळात मला तरी दिसत नाही.

दुसरी एस्फिर शूब. तिचं काम परदेशी चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी पुन्हा कापण्याचं. तिच्या टेबलाशी बसून आयझेन्स्टाइन कापणं शिकला. 1927 मध्ये तिने ‘रोमानोव्ह घराण्याचा अंत’ केला. जवळजवळ सगळं जुनंच चित्रण. तळघरांतून आणि गोदामांतून शोधलेली जुनी वृत्तचित्रं, झारच्या कुटुंबाने हौसेने काढून घेतलेल्या फिल्म. एका जहाजाच्या डेकवर उमराव मंडळी नाचतायत आणि नाचून आलेला घाम पुसतायत. लगेच पुढे, राबणारी माणसं, त्यांचाही घाम. एवढंच. शूबने काही रचलं नाही. नाचही खरा, घामही खरा. झारने आपल्या कौतुकासाठी काढवलेली फिल्मच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. मला विचाराल तर पायऱ्यांपेक्षा हा जोड अधिक धीट आहे, कारण त्यातला प्रत्येक तुकडा तपासता येतो. जोडाचा पक्षपात मात्र तिथेही आहेच, आणि तो ती लपवत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुःखाचं आहे. 1928 मध्ये बोलपट दाराशी आला तेव्हा आयझेन्स्टाइन, पुदोव्हकिन आणि आयझेन्स्टाइनचा सहकारी अलेक्सांद्रोव्ह यांनी एक निवेदन काढलं. म्हणणं असं की आवाज चित्राला चिकटवू नका, तोही चित्राशी भांडू दे. त्यांच्या देशात याला फार वाव मिळाला नाही. 1934 पासून समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण झालं. सत्तेला आता सगळं स्पष्ट हवं होतं, प्रेक्षकाने मध्ये काही विचार आणायला नको होता. ज्या कलेने राजवटीची बाजू जगात नेली, तिलाच ‘रूपवादी’ म्हणून झोडपलं गेलं. आयझेन्स्टाइनचा ‘बेझिन मेडो’ 1937 मध्ये थांबवला गेला आणि त्याची फिल्मही गेली. वाचले ते शॉट्सचे कापून ठेवलेले तुकडे, त्याच्या पत्नीने जपलेले. 1967 मध्ये त्या स्थिर चित्रांचा चित्रपट जुळवला गेला. व्हेर्तोव्ह अखेरपर्यंत साधी वृत्तचित्रं जोडत राहिला.

ती 1928 ची कल्पना पुरी झाली ती मात्र आपल्याकडे. पुदोव्हकिन 1951 च्या सुमारास भारतात येऊन गेला, पण मी म्हणतोय ते बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांबद्दल. 1960 च्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये नायिका नीता आपल्या प्रियकराच्या घरून जिना उतरते. आत तिला दुसऱ्या बाईची चाहूल लागली आहे. चेहरा संथ आहे, आणि आवाज येतो चाबकाचा. पडद्यावर चाबूक कुठेही नाही. पुढे साठच्या दशकाच्या मध्यावर हेच घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते, आणि पुढे दिग्दर्शक झालेले मणी कौल, कुमार शहानी त्यांच्यापुढे बसून शिकले. आयझेन्स्टाइन आणि पुदोव्हकिन पुण्यात पोचले ते असे.

शेवटी संयोजकांना एक विनंती. पोटेम्किन आपण सगळ्यांनीच पाहिलाय, किंवा पाहिल्याचं सांगतो तरी. पुढच्या वर्षी या दिवशी व्याख्यान ठेवू नका. एस्फिर शूबचा चित्रपट लावा, दीड तासाच्या आसपासचा आहे. मुलांना घेऊन या, आणि मधे मधे थांबवून त्यांना विचारा की या दोन तुकड्यांच्या मध्ये तुम्ही आत्ता काय भरलंत. आजकाल त्यांच्या फोनवर दिवसभर कुणी ना कुणी तुकडे जोडून पाठवत असतं. त्यांना ही सवय लवकर लागलेली बरी.